नवं चामडी होल्स्टर कडक आहे, रिव्हॉल्व्हर बसत नाही: काय करावं आणि काय टाळावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, नळी खाली वाकवून उघडणारं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, परवाना आहे, कमरेच्या पट्ट्यावर लावायचं जाड चामड्याचं होल्स्टर नवीन घेतलं. रिव्हॉल्व्हर निम्मं आत जाऊन अडकतं, जोर लावून बसवलं तर काढताना एका हाताने होल्स्टर धरावं लागतं, आणि वरची टिचबटणाची पट्टी तर बटणापर्यंत पोचतच नाही. दुकानदार म्हणतो खोबरेल तेल चोळा, मित्र म्हणतो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. यातलं काय करू?

दोन्ही करू नका. निदान आज तरी नको. मी कमरपट्टे, म्यानं आणि होल्स्टर शिवतो. दुरुस्तीला येणारी बरीचशी होल्स्टरं घरच्या तेल-पाण्यानेच बिघडलेली असतात. होल्स्टरचा कडकपणा हा दोष नाही, त्याच्यासाठीच तुम्ही पैसे मोजलेत. चामडं ताठ असतं म्हणून चाप झाकलेला राहतो आणि रिव्हॉल्व्हर बाहेर काढल्यावरही तोंड उघडं राहतं. आपल्याला हा ताठपणा घालवायचा नाही. तो तुमच्या हत्याराच्या आकारात आणायचा आहे.

कामाला हात लावण्याआधी रिव्हॉल्व्हर उघडा आणि गोळ्यांची सहाही घरं डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवा. खाली जे काही सांगतोय त्यात हत्यार दाबणं, पिळणं, खेचणं आहे. त्या वेळी जवळपास एकही गोळी नको. मध्येच फोन आला, कोणी हाक मारली, उठून गेलात, तर परत आल्यावर पुन्हा उघडून बघा.

आता होल्स्टर खरंच कडक आहे की मुळातच चुकीचं आहे, हे ठरवू. दुकानात ‘.३२चं द्या’ एवढंच सांगून होल्स्टर घेतलं जातं. पण .३२ हे गोळीचं माप झालं, हत्याराच्या अंगाचं नाही. .३२चं पिस्तूल चपटं असतं. .३२च्या रिव्हॉल्व्हरला मधोमध सिलिंडरचा, म्हणजे गोळ्यांची घरं असलेल्या गोल भागाचा, फुगवटा असतो. नळीची लांबीही वेगवेगळी असते. म्हणून रिव्हॉल्व्हर नेमकं कुठे अडतंय ते बघा. एका पातळ पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून अलगद आत सोडा, जिथे थांबेल तिथे होल्स्टरच्या बाहेरून खडूने खूण करा. सिलिंडरचा फुगवटा तोंडाशी अडत असेल आणि अजून बोटाचं एखादं पेर जायचं असेल, तर हा निव्वळ नवेपणा आहे, तो जातो. पण ट्रिगर गार्डची, म्हणजे चापाभोवतीच्या कडीची, कडा थेट शिवणीवर येऊन टेकत असेल, तर शिवणच आत घेतलेली आहे. चामडं ताणतं, दोरा ताणत नाही. तिथे कितीही दाबलंत तरी शेवटी टाके उसवतील. अशा वेळी घरगुती उपाय न करता ते बदलून घ्या.

जोर लावताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. तुमचं रिव्हॉल्व्हर नळी खाली वाकवून उघडणारं आहे. त्याचा उघडण्याचा खटका मागच्या बाजूला, घोड्याजवळ, म्हणजे गोळीवर आघात करणाऱ्या हातोडीजवळ असतो. घट्ट चामड्यात रिव्हॉल्व्हर कोंबताना अंगठा नेमका त्याच्यावर जातो आणि हत्यार आतल्या आत अर्धवट उघडतं. मग नळी आणि मूठ यांच्यातल्या बिजागरीवर आडवा ताण येतो. म्हणून नेहमी मुठीच्या मागच्या कडेवर तळहात ठेवून सरळ दाबा, अंगठा बाजूला ठेवा.

पुढचा प्रश्न चामडं कोणतं याचा, कारण सगळी इलाजपद्धत त्यावर ठरते. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं वेगळं आणि क्रोममध्ये कमावलेलं वेगळं. कोल्हापुरी चपलेचं चामडं तुम्ही हाताळलं असेलच. ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. चांगल्या होल्स्टरचं चामडंही त्याच जातकुळीतलं असतं. ओलं केल्यावर ते आकार घेतं आणि वाळल्यावर तो धरून ठेवतं. क्रोमचं चामडं मऊ आणि लवचीक असतं, बूट, पाकिटं, जॅकेटं यांना उत्तम, पण ओलं करून दिलेला आकार ते फारसं धरत नाही. वाळलं की बहुतेक मूळ पदावर येतं.

ओळखायचं कसं? होल्स्टरची कापलेली कड उजेडात धरा. सालीचं असेल तर आत बदामी-तपकिरी रंग दिसतो. क्रोमचं असेल तर मधोमध निळसर राखाडी थर दिसतो, अर्थात रंग आरपार गेलेला असेल तर हा थर झाकला जातो. मग आतल्या, न रंगवलेल्या बाजूला पाण्याचा एक थेंब ठेवा. सालीचं चामडं तो काही क्षणांत पितं आणि तेवढा भाग गडद होतो. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर चामडं क्रोमचं तरी आहे किंवा त्यावर जाड लेप तरी आहे. आणि कडेला कापडाचा किंवा फोमचा थर दिसला, वरचा थर नखाने प्लॅस्टिकसारखा सुटू लागला, तर ते रेक्झिन किंवा भुकटी चिकटवून केलेलं चामडं आहे. त्याला पाणी अजिबात लावू नका, थर सुटतात.

आता मुख्य काम. पहिली पायरी कोरडी आणि माझ्या मते दहातल्या आठ जणांचं काम तिथेच संपतं. रिव्हॉल्व्हर कोरड्या फडक्याने नीट पुसा, नळीवरचं जादा तेल चामड्याला लागता कामा नये. मग पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत एकावर एक, सुरकुत्या न पाडता गुंडाळा. बटर पेपरही चालतो, पण तो फाटतो. हे गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये घाला. घालताना डावीकडे-उजवीकडे अगदी थोडं, केसभर म्हणावं इतपतच हलवत न्या. प्लॅस्टिकमुळे घर्षण कमी होतं म्हणून ते जातं, आणि दोन पिशव्यांच्या जाडीमुळे चामडं गरजेपेक्षा किंचित जास्त ताणलं जातं. पूर्ण तळाशी गेलं की तसंच रात्रभर राहू द्या. हत्यार रिकामं असलं तरी कपाटाला कुलूप लावायचंच.

सकाळी काढा, पिशव्या उतरवा, नुसतं घालून बघा. होल्स्टरचं चामडं साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटर जाड असतं, इतक्या जाड चामड्यातले तंतू एकदम सरकत नाहीत. एका रात्रीत थोडं सैल वाटेल, दिवसभर रिकामं ठेवलंत तर त्यातलं काही परत आवळेल. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पुन्हा करा. इथे घाई करून तीन-चार पिशव्या किंवा जाड फडकं गुंडाळू नका. एकदा जास्त ताणलेलं चामडं परत आवळत नाही, आणि ढिल्या होल्स्टरला माझ्याकडेही इलाज नाही.

कोरड्या पायरीने काम झालं नाही आणि चामडं सालीचं आहे याची खात्री असेल, तरच पाण्याकडे वळा. पाणीसुद्धा फक्त अडणाऱ्या जागी. पूर्ण बुडवण्याचा सल्ला मला पटत नाही. होल्स्टर बनवताना कारागीर चामडं भिजवतो हे खरं आहे, पण ते काम रंग, लेप आणि कडेची घोटाई यांच्या आधीचं. तयार होल्स्टर बुडवलं की रंग उतरतो, कडा फुलतात, आतला डिंक ढिला पडतो, आणि जाड शिवणीजवळचा भाग उशिरा वाळल्यामुळे सगळं होल्स्टर एका बाजूला पीळ घेतं.

स्पंज कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि खडूची खूण केलेल्या भागाला आतून पुसा. पाणी हाताला सुखाने सोसेल इतकंच कोमट हवं. सालीचं ओलं चामडं साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला आकसू लागतं आणि आकसलेलं चामडं लाकडासारखं कडक होऊन ठिसूळ होतं. त्याला परत आणता येत नाही. उकळतं पाणी, हेअर ड्रायर, गॅसजवळ ठेवणं, गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवणं या सगळ्याला माझा ठाम नकार आहे तो याचसाठी.

ओलं केल्यावर लगेच हत्यार घालू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा. ओलेपणामुळे गडद झालेला रंग कडेकडून परत फिकट होऊ लागतो. आत ओल असते, पण हाताला ओलं लागत नाही, फक्त गार लागतं. हीच वेळ साधायची. या अवस्थेत चामडं नखाची खूणसुद्धा धरतं, त्यामुळे अंगठी काढा, नखं कापलेली असू द्या.

आता रिव्हॉल्व्हर दोन पिशव्यांत, या वेळी तोंड चिकटपट्टीने बंद करून, आत घाला. पिशवी इथे दोघांनाही वाचवते. ओल लागून रिव्हॉल्व्हर गंजेल हे कुणालाही सुचतं. दुसरी बाजू फारशी कुणाला ठाऊक नसते: सालीतल्या टॅनिनला ओलेपणी लोखंड लागलं की काळा डाग पडतो आणि तो सहजी जात नाही. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची पूर्वी शाई करत, ती याच रसायनाने. म्हणून दाबायलाही स्टीलचा चमचा घेऊ नका. लाकडी लाटण्याचं गुळगुळीत टोक किंवा पेनाचं गोल टोपण घ्या. सिलिंडरच्या फुगवट्याभोवती आणि ट्रिगर गार्डच्या मागच्या वळणावर बाहेरून अंगठ्याने दाबत जा. सगळ्या रेषा कोरून काढायचा मोह होतो. तो आवरा. विशेषतः ट्रिगर गार्डच्या पोकळीत चामडं आत दाबू नका. चापाच्या जागी चामडं बाहेरून सपाट राहिलं पाहिजे, आत खळगा नको.

नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, तेवढी लक्षात ठेवा. काढताना ती चामड्याच्या आतल्या बाजूला खरवडत येते आणि भुसा काढते. तिला आत मोकळी वाट हवी. पिशवी गुंडाळताना माशीच्या वर पेन्सिलच्या जाडीची एक लाकडी काडी नळीला समांतर चिकटवली की दाबताना ती वाट आपोआप तयार होते.

दहा मिनिटांनी रिव्हॉल्व्हर सरळ वर काढा, पिशवी फाटली नाही ना ते बघा, हत्यार पुसून हलकं तेल लावून ठेवा. होल्स्टर रिकामंच वाळू द्या, सावलीत, पंख्याखाली, तोंड उघडं ठेवून. चोवीस तास तरी हवेत, दोन दिवस दिलेत तर उत्तम. पावसाळ्यात हे काम करू नका. कोकणात जुलैमध्ये भिजवलेलं चामडं वाळण्याआधी त्यावर बुरशी येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा याला सर्वांत चांगली.

पट्टीचं काम वेगळं आणि सोपं आहे. ती एकेरी असल्याने लवकर ताणते. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये तळापर्यंत बसल्याशिवाय तिला हात लावू नका, कारण बहुतेक वेळा हत्यार वर राहिल्यामुळेच ती अपुरी पडते. हत्यार बसल्यावरही थोडी कमी पडली तर फक्त पट्टी आतून ओलसर करा, बोटांनी लांबीच्या दिशेने ओढत न्या, गुंडाळलेल्या रिव्हॉल्व्हरवर बटण लावा आणि तासभर ठेवा. तिचं बटण लावताना घोडा मागे ढकलला जात असेल तर पट्टी चुकीच्या जागी आहे. ती ताणायची नाही, कारागिराकडून हलवून घ्यायची.

आता तेलाबद्दल. खोबरेल तेल चामड्यात खोल शिरतं आणि तंतूंमधली पकड घालवतं. दोन-चार वेळा चोळलंत की होल्स्टर सुरेख मऊ होईल आणि नेमकं तेच घातक आहे. मऊ होल्स्टरमधून हत्यार काढलं की तोंड मिटतं. परत घालताना नळीने ते उचकटावं लागतं, आणि तोंडाची एखादी घडी आत दुमडून ट्रिगर गार्डमध्ये शिरते. तुम्ही वरून दाबता, घडी चापाला दाबते. जगात असे अपघात झालेले आहेत, माणसांच्या मांडीतून गोळ्या गेलेल्या आहेत, आणि त्या वेळी चापावर कुणाचंही बोट नव्हतं. म्हणून तोंडाभोवतीचं चामडं सगळ्यांत ताठ हवं. चांगल्या होल्स्टरला तिथे दुसरी पट्टी शिवलेली असते ती याचसाठी. मोहरीचं तेल, एरंडेल, गाड्यांचं तेल, सगळ्यांना हेच लागू.

तर मग काहीच लावायचं नाही का? पूर्ण वाळल्यानंतर, बाहेरून, मधमाशीचं मेण असलेलं पॉलिश फडक्यावर घेऊन पातळ हात फिरवा. एवढं पुरे. आतून काहीही नको. आतली बाजू फार लवदार असेल आणि हत्याराला भुसा लागत असेल, तर काचेच्या छोट्या बाटलीची गोल बाजू आतून दाबून घासा. लव बसते, चामडं आतून चकचकीत होतं आणि रिव्हॉल्व्हर सहज सरकू लागतं. हे काम किंचित ओलसर असताना केलं तर आणखी छान होतं.

क्रोमचं निघालं तर वरचं पाण्याचं प्रकरण सोडून द्या. त्याला फक्त पिशव्यांची कोरडी रीत आणि सवयीचा वापर. ते तसंही लवकर सैल होतं. त्याची काळजी उलट दिशेने घ्यावी लागते: तोंड मिटू लागलं की वापर थांबवा.

बसलं की नाही हे कसं ठरवायचं? रिकामं हत्यार, होल्स्टर तुमच्या नेहमीच्या जाड पट्ट्यावर, कमरेला लावलेलं. पातळ, लुळ्या पट्ट्यावर चांगलं होल्स्टरही घट्ट वाटतं, कारण ओढल्यावर पट्टाच वर येतो. एका हाताने, मनगट न पिळता, रिव्हॉल्व्हर बाहेर यायला हवं. त्याच एका हाताने, खाली न बघता परत जायला हवं, पण रोजच्या वापरात तुम्ही प्रत्येक वेळी बघूनच घाला. घाई परत ठेवताना कधीच नसते. मग होल्स्टर पट्ट्यावरून काढा, पलंगावर हात धरून उलटं करा, टिचबटण उघडं ठेवून. स्वतःच्या वजनाने रिव्हॉल्व्हर लगेच घसरून पडलं तर सैल झालंय. थोडं झटकल्यावर सरकलं तर अगदी बरोबर. चाप पूर्ण झाकलेला आहे का आणि रिकाम्या होल्स्टरचं तोंड उघडं राहतं का, हे दोन प्रश्न या सगळ्याच्या वर. यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर ते होल्स्टर वापरायचं नाही, कितीही महाग असलं तरी.

बसवून झाल्यावर तुम्ही ते कपाटात रिव्हॉल्व्हरसकट टांगाल, तेही नको. चामडं हवेतली ओल शोषतं, त्यात कमावताना राहिलेले क्षार आणि आम्लं असतात, त्यामुळे जिथे चामडं टेकतं तिथे निळसर काळी झाक दिलेल्या पोलादावर बारीक गंज धरतो. पितळी काडतुसांवर हिरवट कळंक येतो. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेल्या कोकणातल्या शेतकऱ्यांनी काडतुसांचे जुने चामडी पट्टे उघडून बघितले तर हा कळंक हमखास सापडेल. होल्स्टर अंगावर बाळगण्यासाठी आहे, साठवणुकीसाठी नाही. हत्यार तेलाचा हलका हात दिलेल्या सुती फडक्यात ठेवा, होल्स्टर वेगळं, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून, हवेशीर जागी ठेवा. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात हत्यार जमा करायची वेळ आली तर तेही होल्स्टरशिवाय, पुसून, तेल लावून द्या. तिथे ते किती आठवडे राहील याचा भरवसा नसतो.

पिशव्यांची रीत चार-पाच रात्री करूनही तुमचं रिव्हॉल्व्हर पेरभर वर राहिलं, तर होल्स्टर कारागिराकडे न्या. शिवणीच्या बाहेर कडेला पुरेसं चामडं असेल तर तो टाके उसवून दोन-तीन मिलिमीटर बाहेरून नवी शिवण घेऊ शकतो, मेणदोऱ्याने, हाताने. जुनी भोकं मात्र दिसत राहतील. माप देण्यासाठी हत्यार तिथे ठेवून येऊ नका, परवाना तुमच्या नावावर आहे, कारागिराच्या नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं करून घरीच जाड कागदावर आडवं ठेवा, पेन्सिल उभी धरून बाह्यरेषा काढा, सिलिंडरची जाडी व्हर्नियरने मोजून त्यावर लिहा, माशीची उंचीही लिहा. चांगल्या कारागिराला एवढा कागद पुरतो. सुताराकडून त्याच मापाचा मुरलेल्या सागवानाचा लाकडी नमुना करून घेतलात तर आणखी चांगलं. मग बसवण्याचं आणि रात्र-रात्र ठेवण्याचं सगळं काम त्या नमुन्यावरच होईल, आणि खरं हत्यार शेवटी एकदाच घालून बघावं लागेल.